पावसाळ्यात मऊच बरी

पुण्यात जुलै ते सप्टेंबर कुरकुरीत बिस्किटाचं काही खरं नसतं. सकाळी पुडा फोडावा आणि संध्याकाळी त्यातलं बिस्किट वाकावं. शेव, चिवडा, पापड, सगळ्यांची तीच गत. आईनं आयुष्यभर या हवेशी दोन हात केले आहेत. डब्याच्या झाकणाखाली वर्तमानपत्राची घडी, तळाशी तांदळाची पुरचुंडी आणि झाकण उघडं टाकणाऱ्याच्या नावानं ओरडा. त्यामुळे सफरचंद-दालचिनीच्या मऊ कुकीज घरी करायचा माझा बेत ऐकल्यावर ती म्हणाली, "म्हणजे बिस्किटं सादळवायची, आणि वर विजेचं बिल भरायचं?"

मला मात्र तोच मुद्दा पटला होता. जी वस्तू मुळात मऊच खायची, तिचं पावसाळा काय वाकडं करणार? शिवाय याच महिन्यांत हिमाचलचं सफरचंद हातगाड्यांवर उतरतं आणि ऑगस्ट संपेपर्यंत आवाक्यातही येतं.

गाडीवाला त्याला 'सिमला' म्हणतो. बहुतेक वेळा ते डिलिशस घराण्यातलं असतं: लाल, लांबट, खाली पाच उंचवटे. कच्चं खायला गोड, पण शिजवलं की चवीला मिळमिळीत, कारण त्यात आंबटपणा कमी. हिरवं ग्रॅनी स्मिथ आंबट असतं, शिजवल्यावर आकारही बरा धरतं, पण आपल्याकडे ते बहुतेक परदेशातून येतं आणि तसा भाव लावतं. मी सिमलाच घेतो आणि त्यावर अर्धं लिंबू पिळतो. चव जागी होते आणि फोडी काळ्याही पडत नाहीत. कुकीज अमेरिकन आणि सफरचंद देशी, असं कोणी हिणवलंच तर सांगायला एक गोष्ट माझ्याकडे आहे. फिलाडेल्फियाचा सॅम्युअल इव्हान्स स्टोक्स १९०४ साली कुष्ठरोग्यांची सेवा करायला भारतात आला, पुढे सिमल्याजवळच्या कोटगढला स्थायिक झाला आणि १९१६च्या सुमारास त्यानं तिथे अमेरिकेतून आणलेली रेड डिलिशसची रोपं लावली. नंतर तो सत्यानंद स्टोक्स झाला. म्हणजे आपल्या 'सिमला'चं माहेर अमेरिकेतच.

आईचा विरोध समजून घ्यायचा तर बेकरीची गोष्ट सांगायला हवी. आमच्या लहानपणी बिस्किटं घरी होत नसत. दिवाळीआधी मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा असं सामान पिशव्यांत भरून बेकरीत न्यायचं. भट्टीवाला ते मळून, साच्यातून काढून, लांबलचक पत्र्यांवर मांडून भाजून द्यायचा. मजुरी किलोवर. आम्ही पत्र्याचे रिकामे डबे घेऊन रांगेत उभे, आणि आई बाकड्यावर बसून डोळ्यांत तेल घालून बघत असायची, की आपल्या पिशवीतलं तूप आपल्याच पिठात जातंय ना. शेजारच्या पत्र्यावरची बिस्किटं जरा जास्त पिवळी दिसली तरी तिला शंका यायची. नंतर गरम डबा मांडीवर घेऊन रिक्षातून घरी. मांडी भाजायची, पण डबा खाली ठेवायची सोय नव्हती. घरी आल्यावर आई एक बिस्किट मोडून बघायची. टक् असा आवाज आला तर पैसे वसूल, नाहीतर त्या बेकरीचं नाव पुढच्या वर्षी कटाप.

ती बिस्किटं महिनाभर टिकत, कारण त्यांत पाणी जवळजवळ नसायचंच. पिठात असेल नसेल ती ओल भट्टी ओढून घ्यायची. सफरचंदाच्या शंभर ग्रॅमात मात्र सुमारे ८५ ग्रॅम पाणीच असतं. घरच्या कुकीज बिघडतात त्या या पाण्यामुळे. परदेशी कृतींमध्ये सफरचंद सरळ किसून पिठात घालायला सांगतात. आपल्या रसाळ सिमल्याचा कीस घातला तर ओव्हनमध्ये त्याचं पाणी सुटतं, गोळे ट्रेभर पसरतात आणि कुकीऐवजी घावन हाती येतं. म्हणून मी दोन मध्यम सफरचंदं सोलून हरभऱ्याएवढ्या फोडी करतो, चमचाभर लोण्यावर कढईत टाकतो, लिंबू पिळतो आणि झाकण न ठेवता परततो. आधी भरपूर वाफ येते, मग चरचर बदलते आणि फोडी कडेला चिकटायला लागतात. तिथे गॅस बंद. फोडींचं वजन चांगलं तिसऱ्या हिश्शानं उतरलेलं असतं आणि चव दाट झालेली असते. त्यांतला थोडा भाग चमच्यानं ठेचून घेतो. आईला अंडं चालत नाही, तेव्हा पीठ बांधायचं काम हा तीन चमचे लगदाच करतो. त्यानं कुकी थोडी केककडे झुकते, पण मऊपणाच हवा असेल तर त्यात तोटा काही नाही.

साखरेचंही तसंच. पांढऱ्या साखरेनं कुकी कडक होते, ब्राऊन शुगरनं मऊ राहते, कारण तिच्यातली मळी हवेतली ओल धरून ठेवते. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं हे प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. तोच गुण इथे कामाला येतो. मी निम्मी ब्राऊन शुगर आणि निम्मी गुळाची पावडर घालतो. १८० ग्रॅम मैद्याला १०० ग्रॅम लोणी, १२० ग्रॅम ही मिश्र साखर, अर्धा चहाचा चमचा खायचा सोडा आणि दीड चमचा दालचिनीची पूड. अमूलचं नेहमीचं बटर खारवलेलं असतं. ते वापरलं तर वेगळं मीठ नको. लोणी आणि साखर फिक्या रंगावर येईपर्यंत फेटायचं, लगदा घालायचा, मग मैदा, सोडा आणि दालचिनी एकत्र चाळून त्यात मिसळायची, शेवटी फोडी. मैदा घातल्यावर फार घोळायचं नाही. पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलं की लोणी पुन्हा घट्ट होतं आणि गोळे हाताला चिकटत नाहीत. एवढ्यात वीसेक कुकीज होतात. कणकेच्या केल्या तर पौष्टिक होतात म्हणे. होतात, पण कणीक पाणी जास्त पिते, आणि कुकी दुसऱ्या दिवशी दशमीच्या वळणावर जाते.

दालचिनीवरून आमच्या घरात बराच वाद झाला. किराणा दुकानात दालचिनी म्हणून जी जाड, गडद, लाकडासारखी साल मिळते, ती बहुतेक कॅशिया असते. वास दणदणीत, जिभेवर झणझणीत. अमेरिकन बेकरीतला ओळखीचा दरवळ मुख्यतः हिचाच. दुसरी सिलोनची, पातळ, फिकट, अनेक पदरांची, बोटांनी चुरता येणारी. ही कोकणातही होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं तिची 'कोकण तेज' नावाची जातही काढली आहे. आईचं माहेर गुहागरकडचं, मामाच्या वाडीत नारळांखाली दालचिनीची झाडं आहेत, त्यामुळे आमच्याकडे सालीचा पुडा तिकडून येतो. आईच्या लेखी बाजारातली दालचिनी म्हणजे जळण. मी दोन्ही निम्मी-निम्मी घेतो: कॅशिया वासाला, मामाची गोडव्याला. खलबत्त्यात कुटून चाळतो. आधीच दळून ठेवलेल्या पुडीला निम्माही वास नसतो.

पण वास सुटला की खरी अडचण सुरू होते. आपल्याकडे गोडाला वेलची आणि जायफळ. दालचिनी राहते गोड्या मसाल्यात, नाहीतर मसालेभातात. पहिली खेप ओव्हनमध्ये असताना आई हॉलमधून म्हणाली, "भातात काजू टाकलेस का रे?" थोड्या वेळानं समोरच्या काकू दार उघडं बघून आत डोकावल्या आणि त्यांनीही विचारलं, आज पुलाव वाटतं? दोघींना ओव्हनची काच दाखवली, तरी त्यांच्या नाकानं ते मान्य केलं नाही. पंधरा मिनिटं आमच्या घराला एकाच वेळी लग्नाच्या पंगतीचा आणि गुळाच्या पाकाचा वास येत होता.

ओटीजी १८० अंशांवर आधी दहा मिनिटं तापवायचा, वरची-खालची दोन्ही कांडी चालू, ट्रे मधल्या खणात. घरगुती ओटीजीचं बटण एक सांगतं आणि आतली आच दुसरीच असते, म्हणून मी आत वेगळा थर्मामीटर टांगला आहे. बेकिंगच्या भांड्यांत पैसे घालवायचेच असतील तर आधी त्यावर घालवावेत. अकरा-बारा मिनिटांत कुकीच्या कडा धरतात, मधला भाग अजून फिका, बोट लावलं तर खळगा पडतो. ट्रे बाहेर काढायची वेळ हीच, आणि आपल्या संस्काराला न मानवणारीही हीच. आई शेजारीच उभी. "अरे, कच्चं आहे ते. पाच मिनिटं राहू दे." ती पाच मिनिटं दिली की संपलं, कुकी रुचकर पण साधं बिस्किट होते. ट्रे बाहेर आला तरी तापलेला असतो, त्यावर आतलं शिजणं चालू राहतं, आणि साखर गार होताना अंग धरते. दहा मिनिटं हात न लावता थांबायचं, मग जाळीवर काढायचं. आईला थांबवायला मी तिच्या हातात चहाचा कप दिला.

कप देण्यात गडबड झाली. तिनं कुकी उचलली आणि सवयीनं चहात बुडवली. मऊ कुकी चहात बुडवू नये. दोन सेकंदांत ती कपाच्या तळाशी जाते आणि चमच्यानं खावी लागते. दुसरी मात्र तिनं तशीच खाल्ली. कवळी लावल्यापासून तिनं नानकटाईखेरीज कुठलं बिस्किट चहाशिवाय खाल्लं नव्हतं. "सफरचंद कळतंय," एवढंच म्हणाली आणि तिसरी घेतली. काकूंच्या यजमानांकडे डबा गेला, तो रिकामा परत आला. त्यांचेही दात बेताचेच. माझ्या मुलीला त्या जरा कमी गोड वाटल्या. मला वाटतं पिढ्यांचा हिशेब इथे उलटा आहे: ही परदेशी कुकी आमच्या घरात तरुणांपेक्षा म्हाताऱ्यांनी जास्त उचलून धरली.

टिकण्याच्या बाबतीत फार आशा ठेवू नका. दुसऱ्या दिवशी फोडींची ओल सगळीकडे मुरते आणि कुकीज पहिल्या दिवसापेक्षा चांगल्या लागतात, पण एकमेकींना चिकटतात. मध्ये बटर पेपर हवा. पावसाळ्यात दोन दिवसांवर बाहेर ठेवल्या तर बुरशी येऊ शकते. उरलेल्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि खाण्याआधी तव्यावर जरा गरम कराव्यात. आणि दिवाळीत केल्यात तर फराळाच्या डब्यात अजिबात ठेवू नका. चकलीशेजारी ही कुकी ठेवली की कुकीची ओल चकली ओढून घेते. सकाळपर्यंत कुकी सुकलेली असते, चकली मऊ पडलेली असते, आणि बोलणी कुकी करणाऱ्याला बसतात.