नदीचा उतार

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. पण जिल्ह्याच्या उत्तरेला, भोकरदनच्या पुढं, केळणा आणि जुई या दोन नद्या बराच पल्ला जवळजवळ वाहतात आणि पूर्वेला जाऊन एक होतात. मधली काळी जमीन पश्चिमेकडून तेवढी मोकळी. असई गाव तिथंच, जुईच्या काठाला. दोन्ही नद्या एकाच रात्री चढल्या की या पट्ट्यातला माणूस बेटावरचा होतो. एरवी गुडघाभर पाण्यातून जाणारी वाट बुडते. पलीकडचं गाव दिसतं, हाकेला ओ देतं, आणि तरी तिथं जाता येत नाही.

जपानात मियाजिमा नावाचं एक छोटं बेट आहे. तिथल्या देवळाचं तांबडं तोरण भरतीला समुद्रात उभं असतं, ओहोटीला लोक चालत त्याच्या बुडाशी जातात. रोजचंच ते. केळणेची भरती मात्र वर्षाची; मृगापासून डोळे लावून बसावं तेव्हा कधीतरी अजिंठ्याच्या डोंगरातून पहिलं पाणी येतं. गढूळ, जाड, काडीकचऱ्याला पुढं ढकलत. त्या पाण्याला वरच्या शिवारांचा वास असतो: ढेकळांचा, कुजल्या पाल्याचा, शेणाचा. भाद्रपदात गाळ बसतो, काठाला लव्हाळी माजते, करंजाच्या वाकलेल्या फांदीवर खंड्या नजर रोखून बसतो. कार्तिकाच्या सुमाराला धोबी पक्षी उत्तरेकडून येतात आणि ओल्या वाळूवर शेपट्या हलवत हिंडतात. मग धार बारीक होते, तुटते, डोहाडोहांत उरते. वैशाखात डोहही आटले की वाळूत झिरे खोदायचे आणि पाझरून आलेलं पाणी वाटीवाटीनं भरायचं. 2012-13 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या. ज्यांनी ते साल पाहिलं, त्यांना नदीपुढं हात जोडायला कुणी शिकवावं लागत नाही.

मियाजिमाची जुनी रीत अशी, की सगळं बेटच देवाचं, म्हणून त्यावर कुणी जन्मायचं नाही की मरायचं नाही. दिवस भरलेली बाई आणि शेवटच्या घटका मोजणारा म्हातारा, दोघांनाही पाण्यापलीकडं नेत. त्या रीतीतलं सोवळं मला समजतं, पण मन ओढ घेतं ते केळणेकडंच. इथं काठावर साती आसरांचे सात दगड शेंदूर लेऊन बसलेले असतात. बाळंतीण ओटी घेऊन त्यांच्याकडं येते. त्याच काठाला थोडं खाली दहाव्याचा पिंड ठेवून माणसं कावळ्याची वाट बघतात. पलीकडं कुणी गोधड्या आपटत असतं. यातलं काही दुसऱ्याला बाटवत नाही.

आणि लढाईही इथंच झाली. 23 सप्टेंबर 1803. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा केळणेच्या उत्तर काठानं पसरलेल्या, भोकरदनपासून असईकडं. दक्षिणेला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. पुढं उतार नाही, असं त्याच्या वाटाड्यांनी ठासून सांगितलं. वेलस्लीला मात्र नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. गावं अशी तोंडाला तोंड लावून वसली आहेत, म्हणजे त्यांच्यात येणं-जाणं असणार, आणि येणं-जाणं आहे तिथं उतार असणार. उतार होता. संध्याकाळपर्यंत त्याच्या बाजूची दीड हजारांवर माणसं पडली किंवा जखमी झाली, मराठ्यांकडची कितीतरी जास्त. इतिहास सांगणारे तोफांपाशी रेंगाळतात. माझं मन त्या उतारापाशी घोटाळतं. तो सेनापतीनं शोधला नव्हता. डोक्यावर टोपली घेतलेल्या बायांनी, माहेरी निघालेल्या लेकींनी, शेळ्यांमागच्या पोरांनी तो पायांनी घडवला होता. मुलूख जिंकायला आलेल्या परक्यानं गावांची सोयरीक ओळखली आणि तीच गावांवर उलटवली. याचा राग मला अजून येतो.

बंद बेट हे कधीच नव्हतं. भोकरदन म्हणजे सातवाहनकाळचं भोगवर्धन. तिथल्या दात्यांची नावं सांचीच्या शिलालेखांत आहेत. 1973 च्या उत्खननात इथं हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा निघाला. तिच्या घडणीची बहीण इटलीत सापडली, इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत. केळणाकाठच्या या गावाची ओळख अशी सात समुद्रांपलीकडं पोचलेली.

आता दानापूरला जुईवर धरण आहे. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून हिरव्या मिरचीच्या गाड्या भरून लांबच्या शहरांना जातात. पूल झालेत, वेलस्लीला कोडं पडलं ते नदीपार जाणं आज दुचाकीवरच्या पोराला जाणवतही नाही. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते, आणि बैल पुलावरून नेऊन भागत नाही. पाणी असेल त्या साली त्यांना नदीतच उतरवतात.