चार फुटांची चाळ

आमच्या निफाड तालुक्यात माणूस घर बांधताना एक वेळ दिशा पाहणार नाही, पण कांदाचाळ बांधताना पाहतो. हे मला उशिरा कळलं.

१९९८ सालचा उन्हाळा. तोवर आमचा उन्हाळ कांदा पडवीत, नाहीतर लिंबाखाली पाचट टाकून पडायचा आणि महिना-दोन महिन्यांत लासलगावला जायचा. लाल कांदा काढला की विकायचाच, तो टिकत नाही. उन्हाळ कांदा मात्र नीट ठेवला तर दिवाळीपर्यंत थांबतो. थांबला तर पैसा, नाहीतर पाणी. त्या साली धाकट्या बहिणीचं लग्न दिवाळीनंतर धरलेलं. सगळी मदार कांद्यावर.

मी तेव्हा अंबडच्या एमआयडीसीत कामाला. आबांच्या मनात बल्ल्या, बांबूच्या कामट्या आणि वर उसाचं पाचट. माझ्या मनात लोखंडी अँगल, नट-बोल्ट आणि सिमेंटचे पत्रे. "लाकडाला वाळवी लागते आबा. हे पाहिजे तेव्हा खोलता येतं," मी म्हणालो. त्यांनी ऐकलं, पण मापावर अडले.

"रुंदी चार फूट. आन् लांबी उत्तर-दक्षिण. पावसाळ्यात वारा पश्चिमेकून येतो, तो कांद्यातून आरपार गेला पाहिजे."

तशी चाळीस फूट जागा खळ्यावर होती. मला घरामागची हवी होती, राखण सोपी. तिथं पूर्व-पश्चिम तीस फूटच निघत होते. म्हणून मी रुंदी सहा फूट धरली. पाच फूट थर लावला तर चाळीस फुटी चाळीपेक्षा जास्तच माल बसत होता. आबांनी माझा कागद पाहिला, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "तू शिकेल माणूस. कर."

दोन रविवार आम्ही भावाभावांनी बोल्ट आवळले. जमिनीपासून दोन फूट उंच तळ, त्यावर कामट्या, बाजूंनाही कामट्या, वर पत्रे. आईनं नारळ फोडला. निवडून, सुकवून, माना कापलेला कांदा आत गेला.

जुलैत झड लागली. एका शनिवारी घरी आलो तर आबा चाळीच्या फटीत कोपरापर्यंत हात घालून उभे. "गरम लागू ऱ्हायलं," एवढंच म्हणाले. वाऱ्याकडं चाळीचं फक्त तोंड होतं, अंग नव्हतं. त्यात सहा फुटांचा थर. मधला ओलावा बाहेर निघेना. एक कांदा नासला की त्याचं पाणी खालच्या दहांवर. ऑगस्टात चाळ फोडली तेव्हा कडेचा माल सोन्यासारखा आणि मधे काळी काजळी, घाण वास. निम्म्याच्या वर उकिरड्यावर गेला. उरलेला घाईनं विकला.

आणि ऑक्टोबरात कांद्याला कधी नव्हे तो भाव आला. नोव्हेंबरात दिल्ली विधानसभेच्या निवडणुकीत कांद्यानं तिथल्या सत्ताधाऱ्यांना रडवलं, पेपरात तेच. आमच्या चाळीत गोल्टीसुद्धा नव्हती. लग्न झालं, पण उसनवारीवर. त्या उसनवारीचे हप्ते मी दोन वर्षं पगारातून फेडले. आबांनी "मी म्हणलो होतो" असं एकदाही म्हटलं नाही. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

पुढच्या फेब्रुवारीत ते स्वतःच पाना घेऊन बोल्ट खोलायला बसले. मी गेलो तर म्हणाले, "तुझं एक बरोबर होतं. लाकडाची असती तर मोडावी लागली असती." सहा फुटी आडवे अँगल कापून चार फुटी केले. दोन-दोन फुटांचे तुकडे उरले, ते वाढलेल्या लांबीला खालचे पाय म्हणून बरोबर बसले. खळ्यावर, उत्तर-दक्षिण, चाळीस फूट.

ती चाळ अजून उभी आहे. पत्रे दोनदा बदलले. आबा नाहीत. पावसाळ्यात गावी गेलो की हातपाय धुवायच्या आधी मी खळ्यावर जातो आणि फटीत कोपरापर्यंत हात घालतो. आतून वारा लागला की मगच घरात येतो.