शेवटची फेरी

कन्या अमेरिकेंत असल्यामुळें तेथील फुटबॉल पाहण्याचा नाद आम्हांस उतारवयांत लागला. तेथें दरवर्षीं एप्रिलांत ३२ धंदेवाईक संघ महाविद्यालयीन खेळाडूंची ७ फेऱ्यांत निवड करितात. मागील हंगामांत तळाशीं राहिलेल्या संघास सामान्यतः पहिला मान. हें एक प्रकारचें स्वयंवरच. मात्र येथें माळ घेऊन ३२ जण निघतात, आणि जिच्या गळ्यांत पडावें ती माळ निवडण्याची सोय खेळाडूस नसते.

नातू विचारतो, "आजोबा, यंदा तुमचे आवडते कोण?" आम्ही यादीच्या शेवटाकडे बोट दाखवितों. त्यास कारणें आहेत. १९३६ सालच्या पहिल्याच निवडींत अग्रमान मिळालेला शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर धंदेवाईक सामना एकही खेळला नाहीं. उलट २००० सालीं १९९ वा निवडला गेलेला मिशिगनचा टॉम ब्रेडी पुढें ७ अजिंक्यपदांचा धनी झाला. २०२२ सालीं आयोवा स्टेटचा ब्रॉक पर्डी २६२ वा, म्हणजे अगदीं शेवटचा. दुसऱ्याच हंगामांत त्यानें सॅनफ्रान्सिस्कोच्या संघास अंतिम सामन्यापर्यंत नेलें.

निवड करणारे धांव, उडी, उंची, वजन सारें मोजतात, मोजलेंच पाहिजे. परंतु तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्यावर आम्हांस एवढें कळलें आहे कीं, क्रमांक हा परीक्षेच्या दिवसाचा असतो, मुलाचा नव्हे.

यंदा शाळेच्या संघांत नातवाची निवड झाली नाहीं. शेवटची फेरी संपतां संपतां आमच्याकडे पहांट होते. तोंवर आम्ही दूरध्वनीवर त्याच्यासवें जागे असतों.