बार्शी लाइट : दोन आठवणी

मराठीतल्या आत्मपर लेखनात जुनी आगगाडी आली की मजकुराचे रूळही ठरलेले असतात. इंजिनाची शिट्टी, डोळ्यांत जाणारी कोळशाची कणी आणि ‘चालत्या गाडीतून उतरून बोरे वेचावीत व पुन्हा चढावे’ हा किस्सा. तो इतक्या जणांनी, इतक्या गाड्यांविषयी सांगितला आहे की त्याला आठवण न म्हणता लोककथेतला कल्पनाबंध म्हणावे, असे मी वर्गात अर्धवट थट्टेने म्हणते.

माझ्या वडिलांनाही हा किस्सा प्रिय आहे. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. बालपण लातूरचे, आजोळ पंढरपूरचे; त्यामुळे दिवाळीला आणि उन्हाळ्याला बार्शी लाइट ठरलेली. त्यांची आठवण इंजिनापासून सुरू होते. अडीच फुटी रूळ, त्यावरची ती बुटकी गाडी, येडशीच्या चढावर लागणारी तिची धाप. कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता त्यांना एखाद्या नातलगासारखा ठाऊक आहे. (पुढे या गृहस्थाने पॅराशूटही घडवले, हे सांगितल्याशिवाय ते थांबत नाहीत.) कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळांवरही भरपूर माल नेता येतो, हे त्याचे सूत्र. कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ चा. १९०६ मध्ये गाडी पंढरपुरास पोचली, १९११ मध्ये लातुरास, १९२७ मध्ये मिरजेस. १९५४ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली तेव्हा वडील शाळेत होते. तो अरुंद मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला. लातूरच्या बाजूचे काम २००८ मध्ये पुरे झाले.

आत्या त्यांच्याहून दोन वर्षांनी धाकटी. त्याच डब्यात, त्याच सुट्ट्यांत बसलेली. तिच्या आठवणीत इंजिन नाहीच.

‘‘आईचे हात रिकामे मी फक्त गाडीतच पाहिले,’’ ती म्हणाली.

आजोबा लातूरला गाडीत बसवून देत, पंढरपूरला मामा उतरवून घेत. मधल्या वेळात आजीला हाक मारणारे वडीलधारे कोणी नसे. चूल नाही, पाणी भरणे नाही. शिदोरी सुटली की पोरांना द्यायची आणि स्वतःही त्यांच्याबरोबरच खायचे. घरी तिचे पान सर्वांत शेवटी. मग ती खिडकीशी टेकून बाहेर पाहत बसे. काय पाहत होती, हे आत्याला सांगता येत नाही. डोक्यावरचा पदर मात्र खांद्यावर आलेला असे. पुढे एस.टी.ने जाणे-येणे सुरू झाले, तेव्हा आजीची एकच कुरकुर होती : ही फार लवकर पोचवते.

स्मरणरंजनाला नावे ठेवताना आपण बहुधा त्यातल्या गोडव्यावर बोट ठेवतो. मला खटकते ते निराळे : ज्या संथपणाची वडिलांनी साठ वर्षे गंमत सांगितली, तो कोणाच्या वाट्याला विसावा म्हणून आला होता, हे त्या गमतीत कुठेच नाही. आजीने स्वतः याविषयी एक ओळ लिहिली नाही. तिला अक्षरओळख होती ती पोथीपुरती.

आत्या बोलत होती तेव्हा वडील शेजारीच होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘‘मला कसं गं हे काहीच आठवत नाही?’’

‘‘तू दारात लोंबकळत असायचास, दादा,’’ आत्या म्हणाली. ‘‘आत कुठं होतास?’’