विंचवाचा मंत्र

माझे आजोबा विंचू उतरवीत. सावित्रीकाठच्या आमच्या गावात रात्री-अपरात्री "आबा, विंचू चावला हो!" अशी हाक आली की ते हातातला घास ताटात ठेवून उठत. मंत्र देणाऱ्याने त्यांना दोन अटी घातल्या होत्या. बोलावल्याबरोबर निघायचे, आणि कोणाकडून छदामही घ्यायचा नाही. पैसा घेतला की मंत्राचा गुण जातो, असे ते सांगत. कोणी नारळ आणलाच, तर तो देवापुढे फुटे आणि खोबरे आणणाऱ्याच्याच हाती परत जाई.

मला याचा कोण अभिमान! कीर्तनाचे पैसे घेऊ नयेत, ही वारकऱ्यांची जुनी शिकवण. गाडगेबाबांकडे लोकांनी पैसा आणून दिला, पण त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. बाबांच्या अंगावरच्या चिंध्या आणि हातातले गाडगे मात्र तसेच राहिले. आमचे आजोबा त्याच पंगतीतले, असे मला वाटे. आज ध्यानाच्या शिबिराचे आणि गुरुभेटीचे दर वाचले की त्यांचीच आठवण येते.

पण त्या अभिमानाला एक जखम आहे. १९७८ च्या मे महिन्यात शेजारच्या काकूंच्या पाच वर्षांच्या मुलाला लाल विंचू चावला. आजोबा रात्रभर उशाशी बसून होते. पोर घामाने निथळले, हातपाय गार पडले, पहाटे तोंडातून तांबूस फेस आला आणि सारे संपले. काकू रडतारडता म्हणाल्या, "आबांना काय बोल लावायचा? त्यांनी कधी कोणाचा पैसा घेतला नाही."

पैसे घेणाऱ्याला निदान जाब तरी विचारता येतो! आजोबांनी पैसा घेतला नव्हता, पण त्याहून जड असा एक विश्वास घेतला होता. त्याची पावती कुठेच नव्हती.

खरे तर तेव्हा डॉक्टरांपाशीही खात्रीचा उपाय नव्हता. तो पुढे, ऐंशीच्या दशकात आला. आमच्याच महाड भागात डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी या विषावर वापरून दाखवली आणि मुले वाचू लागली. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा त्याने गुन्हा ठरवला. मंत्र फुकट होता की विकत, हे कायदा विचारीत नाही. मला ते योग्य वाटते. ज्याला पैशाचा लोभ आहे, त्याला "हे माझ्या हातचे नाही, दुसरीकडे जा" असे म्हणणे जड जाते. ज्याला आपल्या निःस्पृहतेचा लोभ आहे, त्यालाही ते तितकेच जड जाते.

आजोबांना ते जमले. गोळीची वार्ता कानी आल्यावर पुन्हा एका रात्री हाक आली. वाडीतली एक लहान मुलगी होती. आजोबा उठले, कोनाड्यातला डबा उघडला आणि त्यातल्या नोटा मुलीच्या बापाच्या हातात कोंबल्या.

"आधी जीप सांग. दवाखान्यात ने तिला."

बाप गोंधळला. "आणि आबा, तुमचा मंत्र?"

"म्हणतो ना!" पायांत वहाणा सरकवीत आजोबा म्हणाले, "गाडीत बसून म्हणतो."