साती साती

मे महिन्यात बालाघाट जिल्ह्यातल्या किरनापूरला मावसबहिणीकडे होते. तिची आठ वर्षांची मुलगी आजारपणामुळे घरीच शिकते. पुस्तकं हिंदी, घरात मराठी, म्हणून पाढेही दोन. 'सात सत्ते उनचास' घडाघडा म्हणायची. मी 'साती साती एकोणपन्नास' शिकवलं, तर वहीत 59! तिसऱ्यांदा मी ओरडलेच.

"मावशी, तूच पन्नास म्हणतेस ना? मग पन्नासच्या पुढेच असणार," ती रडत म्हणाली.

तिचं काय चुकलं? 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' आलं, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. 'चाळीस नऊ' म्हटलं असतं तर ही रडली नसती.

बॅगेतून रोझरी काढली. पाच दशकांचे पन्नास मणी. एक मी बोटांत धरला, उरलेले तिने सात-सात करून मोजले. बरोबर सात वेळा.

"उनचासमध्येपण असंच लपलंय?"

"हो. एकोण काय, उनचास काय, दोन्हीत 'ऊन' आहे. ऊन म्हणजे कमी."

बाहेर अंगण नुसतं तापलं होतं. तिकडे बघून ती पहिल्यांदा हसली. "कमी?"