तिकिटांवरचे बंब आणि मधली तीस वर्षे

एकाच विषयाची टपाल तिकिटे देशोदेशींहून जमवणाऱ्या संग्राहकाने अग्निशमनाची वाहने हा विषय हाती घेतला, की अल्बमची पाने लावतानाच कालक्रम आणि किंमतक्रम यांचा मेळ बसत नाही, असा अनुभव त्याला येतो. लंडनसाठी 1774 मध्ये झालेल्या आगप्रतिबंधक कायद्याच्या द्विशताब्दीनिमित्त ब्रिटनने 24 एप्रिल 1974 रोजी डेव्हिड जेंटलमन यांनी रेखाटलेली चार तिकिटे काढली. त्यांत साडेतीन पेन्सच्या तिकिटावर 1904 चा मोटारबंब, साडेपाच पेन्सच्या तिकिटावर 1863 चा बक्षीसपात्र बंब, आठ पेन्सच्या तिकिटावर 1830 चा वाफेवरचा पहिला बंब आणि दहा पेन्सच्या तिकिटावर 1766 चा हातबंब आहे. सूचीप्रमाणे किंमतीच्या चढत्या क्रमाने ती लावली, तर इतिहास मोटारीपासून उलटा चालू लागतो.

कालक्रमाने लावल्यावर मात्र चारही तिकिटे एका अखंड प्रगतीची साक्ष देतात असे वाटते, आणि नेमकी तेथेच फसगत होते. हातबंब म्हणजे दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर माणसांनी जोर देऊन चालवायचा पंप. ब्रेथवेट आणि एरिक्सन यांच्या 1830 च्या बंबात तेच काम वाफ करू लागली, गाडी ओढायला मात्र घोडेच राहिले. लंडनच्या आर्गाइल रूम्स या वास्तूला फेब्रुवारी 1830 मध्ये आग लागली तेव्हा कडाक्याच्या थंडीत हातबंब गोठले आणि हा बंब काही तास चालू राहिला. इतके होऊनही लंडनच्या बंबवाल्यांनी तो स्वीकारला नाही, आणि आगविमा कंपन्यांनी 1833 मध्ये उभारलेल्या संयुक्त दलाने जेम्स ब्रेडवुड यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर 1860 च्या सुमारापर्यंत हातबंबच चालवले. पुढे 1863 मध्ये क्रिस्टल पॅलेस येथे वाफेच्या बंबांची स्पर्धा भरली, ती या दीर्घ नकारानंतर. आठ आणि साडेपाच पेन्सच्या तिकिटांमधील ही तीस वर्षे कोणत्याही तिकिटावर नाहीत. जाणकार संग्राहक म्हणून तेथे पानावर जागा मोकळी सोडतो, आणि ते योग्यच आहे. लंडनजवळच्या फिंचलीच्या 1904 च्या बंबात एकच पेट्रोल इंजिन गाडीही चालवत होते आणि पंपही, एवढे सांगितले की साडेतीन पेन्सचे काम संपते.

अमेरिकेचे 10 डिसेंबर 1981 चे वीस सेंटचे शेंदरी तिकीट 1860 च्या दशकातील बंब दाखवते. ते गुंडाळीतून विकले जाणारे तिकीट असल्याने त्याच्या वरच्या व खालच्या कडा सरळ, बिनछिद्रांच्या आहेत. कोरीव छपाईच्या बारीक रेषांमुळे भिंगाखाली हे छोटे चित्र जेंटलमन यांच्या रंगीत चित्रांपेक्षा अधिक समाधान देते.

अधिक अडचणीचे आहे ते अमेरिकेचेच 1948 चे तीन सेंटचे तिकीट. स्वयंसेवी अग्निशमनाच्या त्रिशताब्दीसाठी काढलेल्या या तिकिटावर न्यू ॲम्स्टरडॅमचे प्रशासक पीटर स्टायव्हेसंट यांच्या चित्रासोबत एक जुना आणि एक आधुनिक बंब आहे. वास्तविक त्यांच्या काळात त्या वसाहतीची सारी भिस्त बादल्या, शिड्या व आकड्यांवर होती; तिचे न्यूयॉर्क झाल्यावर तेथे लंडनहून न्यूशॅम बनावटीचे पहिले दोन बंब आले ते 1731 मध्ये, म्हणजे स्टायव्हेसंट यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ साठ वर्षांनी. त्यामुळे हे तिकीट वाहनांच्या पानांवर लावावे की अग्निशमन दलांच्या स्मारक तिकिटांत, याचा निर्णय प्रत्येक संग्राहकाला स्वतःच घ्यावा लागतो, आणि बहुतेक जण चित्रातील बंब पाहून ते वाहनांतच लावतात.